छाट काढणारा मालक : घरबसल्या कामातील फसवणुकीचा इतिहास

'छाट' हा शब्द मी शाळेत जाण्यापूर्वी शिकलो. माझी माय बिड्या वळत असे. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत ती काही एकटी नव्हती. दर दुसऱ्या घराच्या ओट्यावर मांडीवर सूप घेतलेली एक बाई बसलेली असे. रात्री तेंदूची पाने भिजत घालायची, सकाळी फर्मा ठेवून कात्रीने कापायची, दिवसभर तंबाखू भरून वळायची, सुताने बांधायची, जुड्या करायच्या आणि संध्याकाळी ठेकेदाराच्या ओसरीवर नेऊन द्यायच्या. तेथे ठेकेदाराचा माणूस जुड्या हाताळून पाही. ही सैल, ही आखूड, हिचे पान फाटले, असे म्हणत तो बिड्या बाजूला टाकी. ती बाजूला पडलेली रास म्हणजे छाट. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाट परतही मिळत नसे. ती ठेकेदाराकडेच राही. 'बिडी वाईट आहे तर तो ठेवून का घेतो?' असे मी एकदा मायला विचारले होते. ती म्हणाली, "बिडी वाईट नाही रे बापा, आपली गरज वाईट हाय."

हीच छाट गेल्या वर्षी मला पुन्हा भेटली, वेगळ्या नावाने. पदवीच्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी प्राध्यापक-कक्षात आली, 'जयभीम, सर' म्हणाली आणि तिने आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला. तिने घरबसल्या टंकलेखनाचे काम घेतले होते. छायाचित्रांतले फॉर्म पाहून मजकूर संगणकात भरायचा, सहा दिवसांत ठरावीक फॉर्म पुरे करायचे, असा करार होता. मामेभावाचा लॅपटॉप मागून आणून तिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम केले. सातव्या दिवशी निकाल आला : 'अचूकता' ठरल्यापेक्षा कमी भरली, म्हणून मोबदला नाही. एवढ्यावर ते थांबले नाही. करार मोडला म्हणून काही हजार रुपये तीन दिवसांत भरा, नाहीतर खटला होईल, अशी वकिलाच्या नावाची नोटीस आली. आईच्या कानातले गहाण ठेवून तिने निम्मी रक्कम भरलीही होती. घरी कोणाला सांगितले नव्हते. तिने मला एकच प्रश्न विचारला : "सर, मला अटक होईल का?"

बिडीच्या सुपात आणि मोबाइलच्या पडद्यात मला त्या दिवशी फरक दिसेना. दोन्हीकडे मालक अदृश्य आहे, काम घरी आहे, माप मालकाच्या हाती आहे आणि काम करणारी एकटी आहे. फरक आहे तो एवढाच की, मायचा ठेकेदार चारातली एक जुडी खात असेल, पण उरलेल्या तीन जुड्यांचे पैसे देत असे. या नव्या मालकाला बिडी नकोच आहे, त्याला फक्त छाट हवी आहे.

अशा फसवणुकीविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात 'लोभ धरू नका, सावध राहा' असा उपदेश असतो. उपदेश करणाऱ्याच्या मनात फसलेला माणूसच दोषी ठरलेला असतो. मला वाटते, हा प्रश्न उपदेशाचा नसून इतिहासाचा आहे. आपल्या माणसांनी अदृश्य मालकाला पूर्वी तोंड दिले आहे, त्याच्याशी लढून काही प्रश्न विचारायला ती शिकली आहेत. ते प्रश्न आपण विसरलो, म्हणून आपली मुले आज पुन्हा पहिल्या इयत्तेत बसली आहेत.

काम मिळवून देण्यासाठी पैसे मागणारा माणूस आपल्याला नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत मजुरांची भरती मालक करीत नसे, जॉबर करीत असे. मालक कोण हे मजुराला ठाऊक नसले तरी जॉबर कोण हे ठाऊक असावेच लागे. कारण कामावर घेण्यासाठी आणि घेतल्यानंतर कामावर ठेवण्यासाठीही त्याला दस्तुरी द्यावी लागे. रॉयल कमिशनने मजुरांच्या स्थितीची चौकशी करून १९३१ साली अहवाल दिला, तेव्हा या लाचेची नोंद केली आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून घ्यावे अशी शिफारस केली. नोकरी देण्याबद्दल मजुराकडून पैसा घेणे ही मजुरीतून केलेली चोरी आहे, हे तेव्हाच मान्य झाले होते. आज 'नोंदणी शुल्क', 'प्रशिक्षण शुल्क', 'परत मिळणारी अनामत' अशी नावे घेऊन तीच दस्तुरी मागितली जाते. नावे सभ्य झाली, हात तोच आहे.

त्याच गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्याचे दार बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या ओठाचा धागा सवर्ण मजुराला चालत नसे. अधिक मजुरीचे हे खाते आपल्याला खुले व्हावे, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी लावून धरला होता. विदर्भात मात्र घरोघरी वळलेली बिडी बाजारात खपत होती. आमच्या हातचे पाणी न पिणारा माणूस आमच्या घरी वळलेली बिडी ओठात धरीत होता. कारण ती कोणाच्या हातची हे त्याला दिसत नव्हते.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दुरून केलेल्या कामाचे आपल्याला आकर्षण वाटते ते केवळ आळसापोटी नाही. दूर असले की वस्ती दिसत नाही, आडनावावर प्रश्न होत नाहीत, शहरात खोली शोधताना जात सांगावी लागत नाही. माझ्या विद्यार्थिनीने मला हेच सांगितले : "सर, तिथे कोणी काही विचारलंच नाही." न विचारण्यात तिला समता दिसली. पण ज्याने आपल्याला काही विचारले नाही, त्याने आपल्यालाही काही विचारू दिले नाही, हे तिच्या ध्यानात आले नाही. अंतर आपली जात झाकते, तसेच ते मालकाचा चेहराही झाकते. शिकलेल्या पहिल्या पिढीच्या मागे 'हे काम खरे आहे का, जरा बघून सांगा' असे विचारण्याजोगा काका-मामा नोकरीत नसतो. फसवणारा नेमका या पोकळीत येऊन बसतो.

बिडीधंद्यातला मालकही असाच झाकलेला होता. कारखानदार पाने आणि तंबाखू मध्यस्थाच्या हवाली करी. मध्यस्थाला कोठे ठेकेदार म्हणत, कोठे सट्टेदार. बिडी वळणारी बाई मध्यस्थाला ओळखे. पाने कमी दिली, वजनात तंबाखू मारला, छाट जास्त काढली, अशी तक्रार घेऊन ती गेली की मध्यस्थ म्हणे, 'मी तर मालकाचा नोकर.' आणि मालकाकडे जावे तर तो म्हणे, 'मी हिला ओळखतच नाही.' हजार बिड्यांसाठी दिलेल्या पानांत हजार बिड्या होत नसत. उरलेली पाने बाईने स्वतःच्या पैशाने घ्यायची. म्हणजे काम करण्यासाठी काम करणारीनेच भांडवल घालायचे.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच चळवळीतून झाला, याचा आपल्याला विसर पडतो. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचे नाव आपण 'जयभीम' या अभिवादनाशी जोडतो. ते योग्यच आहे. पण हरदासांनी बिडी मजुरांची संघटना बांधली आणि ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडीकाम सुरू करण्याची खटपट केली, हे किती जणांना माहीत असते? १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठी मतदारसंघातून निवडून आले आणि १९३९ साली ऐन तारुण्यात गेले. मध्यस्थाला बाजूला सारून मालकाच्या समोर उभे राहणे, हे त्यांच्या प्रयत्नाचे सार होते. 'जयभीम' हा शब्द आपण घेतला. त्यामागची बिडी मजुरांची वही मात्र मागे राहिली.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न न्यायालयांत गेला. १९५८ साली मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार ठरवले. त्यामुळे ते आणि त्यांच्याकडचे मजूर कारखान्याचे कामगार ठरले नाहीत. सहा वर्षांनी मद्रास राज्यातले एक प्रकरण आले. तेथे कागदोपत्री असा देखावा होता की, मालक ठेकेदाराला पाने व तंबाखू विकतो आणि ठेकेदार तयार बिड्या मालकाला विकतो. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा देखावा नाकारला. हे तथाकथित स्वतंत्र ठेकेदार म्हणजे मालकाच्या हुकमात वागणारी निर्धन माणसे आहेत आणि बिडी वळणारे खरोखर मालकाचेच कामगार आहेत, असे ठरले. कागद काय म्हणतो यापेक्षा हुकूम कोणाचा चालतो हे पाहावे, हा त्या निकालाचा धडा आहे.

१९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या मालाच्या बिड्या घरी बसून करणाऱ्या बाईलाही त्याने कामगार म्हटले. कच्चा माल देणे, बिड्या नाकारणे आणि नाकारलेल्या बिड्यांची मजुरी यांवरून वाद झाला, तर तो शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे सुटेल, अशी तरतूद त्यात होती. महाराष्ट्राच्या नियमांनी सामान्यतः शेकडा ५ ही छाटीची मर्यादा घातली. मालकांनी या कायद्याला आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पुढे भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला. घरी बिड्या वळणाऱ्यांवर आमची देखरेख नाही, मग त्या आमच्या कामगार कशा, असा मालकांचा युक्तिवाद होता. १९८५ साली न्यायालयाने त्यावर दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते : केलेले काम नाकारण्याचा अधिकार हीच देखरेख होय. ज्याच्या हाती छाट, तो मालक.

माझ्या मायला यातला एकही निकाल ठाऊक नव्हता. कायदा झाला म्हणून छाट थांबली असेही नाही. आमच्या वस्तीत अनेक बायांची नावे मालकाच्या रजिस्टरावर कधी चढलीच नाहीत आणि नाव नाही म्हणून निधी नाही. १९६६ चा कायदा आता २०२० च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला आहे. पण ही पन्नास वर्षांची लढाई वाया गेली असे मी मानत नाही. तिने अदृश्य मालकाला विचारायचे प्रश्न आपल्या हाती दिले. आज घरबसल्या काम शोधणाऱ्या प्रत्येक तरुणाने तेच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : मालक कोण? व्हॉट्सअॅपवर बोलणारी 'एच. आर. मॅडम' मालक नव्हे. ती फार तर ठेकेदाराचा माणूस. कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता मागावा. कंपनी नोंदलेली आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. पण तेवढ्याने भागत नाही, कारण फसवणारे नामांकित कंपनीचे नाव आणि बोधचिन्हही उसने घेतात. म्हणून त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा पत्ता किंवा फोन शोधून 'ही जागा तुम्ही भरीत आहात काय?' असे आपण होऊन विचारावे. समोरच्याने पाठवलेल्या क्रमांकावर विचारणे म्हणजे ठेकेदाराची तक्रार ठेकेदाराकडेच नेणे.

दुसरा प्रश्न : पैसा कोणत्या दिशेने जातो? मालकाकडून मजुराकडे जातो ती मजुरी. मजुराकडून मालकाकडे जातो ती दस्तुरी. याला अपवाद समजू नये. सध्या जो 'टास्क'चा प्रकार चालू आहे त्यात आरंभी पैसा खरोखर आपल्याकडे येतो : चित्रफितीला पसंती द्या, हॉटेलला तारे द्या आणि शे-दोनशे रुपये घ्या. मग टेलिग्रामवरच्या एका गटात घेतात. तेथे इतर सभासद आपल्या कमाईच्या पावत्या टाकीत असतात. ते त्याच टोळीचे असतात. मग 'आधी भरा, नंतर जास्त मिळवा' असे काम येते. पडद्यावर आपली शिल्लक फुगत जाते, पण काढायला गेले की कर भरा, दंड भरा, आणखी एक टप्पा पुरा करा, असे सांगतात. सुरुवातीचे शे-दोनशे म्हणजे गळाला लावलेले गांडूळ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा व्यवहारांतली शंभरावर संकेतस्थळे बंद करवली. पण संकेतस्थळ एका नावाने मिटते आणि दुसऱ्या नावाने उघडते.

तिसरा प्रश्न : छाट कोण काढतो आणि कोणत्या मापाने? 'अचूकता' कशी मोजणार, चुका दाखवणार काय, निकालावर दाद कोठे मागायची, हे आधी लेखी विचारावे. प्रामाणिक मालक काम पसंत पडले नाही तर पुढचे काम देत नाही. काम करणाऱ्याकडून दंड वसूल करीत नाही. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. करार मोडल्याचा वाद हा मुळात दिवाणी वाद आहे. त्यासाठी कोणी फोनवरून अटक करू शकत नाही. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. तोतया पोलीस, तोतया वकील आणि तोतया न्यायाधीश यांना घाबरण्याचे कारण, खऱ्यांनी आपल्याला पिढ्यान्पिढ्या घाबरवले हे आहे.

चौथा प्रश्न : कोरा अंगठा तर मागत नाहीत? पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई. आज आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि ओटीपी मागतात. त्याहून वाईट म्हणजे, 'तुमचे खाते थोडे दिवस वापरू द्या, कमिशन देऊ' असे सांगतात. त्या खात्यातून दुसऱ्या फसलेल्यांचा पैसा फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारी. परदेशच्या नोकरीत हा फास अधिक आवळतो. कंबोडिया, म्यानमार येथे 'डेटा एंट्री'च्या नावाने नेलेल्या भारतीय तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडूनच सायबर फसवणूक करून घेतल्याची प्रकरणे उघड झाली. त्यांतल्या अनेकांना सरकारला सोडवून आणावे लागले. फसवला गेलेला माणूस अशा रीतीने फसवणाऱ्याचा हात बनतो. घरबसल्या असो की परदेशी, आपल्या नावाचा कागद दुसऱ्याच्या हाती कोरा जाऊ देऊ नये.

एवढे करूनही माणूस फसतो. फसला तर लपू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. लाजेपोटी संदेश पुसून टाकणे ही सर्वांत मोठी चूक. तोच पुरावा असतो. माझ्या विद्यार्थिनीने निम्मे संदेश पुसले होते. आम्ही तक्रार केली. तिच्यावर खटला झाला नाही, नोटिसा बंद झाल्या. भरलेले पैसे मात्र परत आले नाहीत आणि आईचे कानातले अजून सुटलेले नाही.

यात माझाही दोष आहे. 'आजकाल घरी बसून पुष्कळ कामे मिळतात, सरकारी जागांची वाट पाहत बसू नका' असे वर्गात सांगणारा मीच होतो. काम कसे पारखावे, हे मी सांगितले नाही; कारण मला ते ठाऊक नव्हते. बिडीच्या घरातून आलो, छाटीवर शिकलो आणि छाट म्हणजे काय हेच विसरलो. शिक्षणाने मला भाषा दिली, पण मायचा प्रश्न मी वाटेत टाकून आलो होतो. त्या विद्यार्थिनीची हकीकत सुट्टीत मायला सांगितली, तेव्हा तिने पहिल्या झटक्यात विचारले, "मालकाचं घर कुठी हाय, ते पुसलं होतं का तिनं?"

हा प्रश्न एकेकट्याने विचारून पुरत नाही. बिडी वळणाऱ्या बाया एका ओट्यावर बसत, म्हणून कोणता ठेकेदार किती छाट काढतो हे त्यांना एकमेकींकडून कळे. आजचा काम शोधणारा एकटा खोलीत बसतो आणि फसला की आणखी एकटा होतो. तो ओटा आपण पुन्हा बांधला पाहिजे. आपल्या वसतिगृहांत, वाचनालयांत, बुद्धविहारांत आपण जयंत्या साजऱ्या करतो. तेथेच आठवड्यातून एक तास यासाठी द्यावा. एक वही ठेवावी. कोणी काम दिले, काय कबूल केले, काय दिले, पैसे मागितले का, हे ज्याने-त्याने त्यात लिहावे. करारावर सही करण्यापूर्वी तो कागद किमान दोघांनी मोठ्याने वाचावा. प्रामाणिक मालकाचे नावही वहीत यावे, कारण घरबसल्या कामे खोटीच असतात असे नाही. आणि ज्या कामात आडनाव विचारले जात नाही, ते काम आपल्या मुलांना मिळालेच पाहिजे.

आमच्या महाविद्यालयाजवळच्या वाचनालयात गेल्या जून महिन्यापासून अशी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या विद्यार्थिनीने आपली हकीकत नाव न घालता लिहिली. दुसऱ्या पानावर आणखी एकाने लिहिली. आतापर्यंत एकोणीस पाने भरली आहेत. त्यांतल्या एकाही माणसाने आपली हकीकत पूर्वी कोणाला सांगितली नव्हती.